रायचूरची लाइन

३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर ते रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन चालू झाली आणि आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, केरळ उरलेल्या देशाबरोबर एका वारंवारतेत आले. तोवर भारतात विजेची दोन राज्यं होती: दक्षिण एक, आणि बाकी सगळं एक. सोलापूरच्या इतिहासाचा विषय निघाला की मार्शल लॉ निघतो, चार हुतात्मे निघतात, चादर निघते. निघायलाच हवं. पण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रं ज्या तारेने एका गतीत बांधली गेली तिचं एक टोक आपल्या गावाबाहेर आहे, हे त्या हुतात्म्यांच्या चार पुतळ्यांपाशी उभं राहून कुणाला सांगितलं तर तो आपल्याकडेच संशयाने बघतो.

मी मंडळाचा माणूस. १९८३ साली वीज मंडळात लागलो आणि सोलापूरच्या आसपासच्या उपकेंद्रांवर यंत्रचालक म्हणून नोकरी केली. २००५ च्या जूनमध्ये मंडळाचे भाग पडले, निर्मिती, पारेषण, वितरण वेगळं झालं आणि मी पारेषणात गेलो. लोकांच्या तोंडी मात्र आम्ही अजून ‘एमएसईबीवाले’च. रायचूरची लाइन आमच्या कंपनीची नव्हे, केंद्राच्या पॉवरग्रिडची. तेव्हा तिचं श्रेय मी घेत नाही. मी फक्त तिच्या शेजारचा.

ही वाट जुनी आहे. जीआयपी रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोचली. पुढे गुलबर्ग्यावरून ती १८७१ मध्ये रायचूरला गेली आणि समोरून आलेल्या मद्रास रेल्वेला तिथे मिळाली. मुंबई आणि मद्रास लोखंडाने पहिल्यांदा जोडली गेली ती याच वाटेवर. जोडणी झाल्याबरोबर प्रश्न आला घड्याळाचा. दोन कंपन्यांच्या गाड्या एकमेकींना भेटायच्या तर वेळ एक हवी. रेल्वेने मद्रासची वेळ धरली. सोलापूर मद्रासच्या बरंच पश्चिमेला, म्हणून स्टेशनातलं घड्याळ गावातल्या सूर्यापेक्षा सतराएक मिनिटं पुढे चालायचं. गावाने वाद घातला नाही. गाडी चुकली की आपोआप समजायचं. मुंबईने मात्र अशी बाहेरून आलेली वेळ मनापासून कधी स्वीकारली नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती.

रुळांबरोबर तारही आली. १८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. रेल्वेने बाहेरून धान्य आणलं. आणि लांबच्या पेठेतला भाव तारेने त्याच दिवशी इथल्या अडत्याच्या कानावर पडू लागला. उपाशी माणसाला या दोन्ही गोष्टींचा एकाच आठवड्यात अनुभव आला असेल.

आता वारंवारतेकडे येतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, कारण ती तयार करणारी सगळी जनित्रं त्या एका मापाने फिरतात. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, म्हणून दिंडीचं उदाहरण देतो. शंभर टाळकरी एका ठेक्यात चालतात, ठेका कुणा एकाच्या मालकीचा नसतो. चढ लागला की सगळ्यांचाच मंदावतो, आणि ज्याला पाय उचलवत नाही त्याने बाजूला व्हायचं, नाहीतर रांग विस्कटते. मागणी वाढली की देशातली सगळी जनित्रं एकदम जरा हळू होतात. मागणी घटली की एकदम धावतात.

आमच्या कंट्रोल रूममध्ये पात्यांचा फ्रीक्वेन्सी मीटर होता. पोलादी बारीक पात्यांची ओळ, ज्या पात्याची वारंवारता जुळेल ते थरथरणार. नव्वदच्या दशकात ४८.५ चं पातं थरथरताना बघून आमच्यापैकी कुणी खुर्चीतून उठायचं नाही. इतकी ती रोजची गोष्ट. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांना मात्र ती कळायची. मागाची मोटर वारंवारतेच्या हिशेबाने फिरते. पन्नासाची अठ्ठेचाळीस झाली की वेग शेकडा चारने उतरतो. ज्या शेडमध्ये शंभर टॉवेल निघायचे तिथे शहाण्णव. मजुरी कापडावर. विजेच्या बिलात हे चार टॉवेल कुठे लिहिलेले नसत, शनिवारच्या पगारात दिसत. विणकर आम्हाला ‘करंट ढिला आहे की ओ’ म्हणायचे. अभियंत्यांच्या अहवालापेक्षा ते मला जास्त अचूक वाटायचं.

२००२ च्या जुलैत पश्चिम विभागात नवी दरपद्धत लागू झाली. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला, वारंवारता जितकी खाली तितका जबर दर. जानेवारी २००३ मध्ये दक्षिणेतही तेच झालं. वर्षानुवर्षांच्या परिपत्रकांनी जे साधलं नव्हतं ते या हिशेबाने काही महिन्यांत साधलं. पात्यांचा मीटर पन्नासाच्या आसपास घुटमळू लागला.

दरम्यान विभाग एकमेकांना जोडले जात होते. १९९१ मध्ये पूर्व आणि ईशान्य. मार्च २००३ मध्ये त्यांच्याशी आपला पश्चिम. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर. दक्षिण बाहेर राहिली. तिच्याशी देवाणघेवाण होती, पण ती डीसीच्या मार्गाने. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला त्यासाठीचं केंद्र आहे: या बाजूने आलेल्या एसीची डीसी करायची आणि लगेच त्या बाजूला पुन्हा एसी. वीज जाते, ठेका जात नाही. ओडिशातल्या तालचेरहून कोलारपर्यंतची लांब डीसी लाइन आणि विशाखापट्टणमजवळचं गाजुवाका हे असेच दरवाजे. इकडे आग लागली तर तिकडे धूर जाऊ नये, अशी ती व्यवस्था.

दक्षिण का जोडत नाहीत, हा प्रश्न आमच्या चहाच्या टेबलावरही असायचा. उत्तर सोपं होतं. दोन्हीकडे हजारो मेगावॉटची यंत्रं आणि मधे एकच लाइन. कुठेतरी मोठं जनित्र बंद पडलं की सगळ्या देशाची वीज तिकडे धावणार आणि धक्का त्या एका लाइनवर. ती सुटली की दोन्हीकडे गोंधळ. शेजाऱ्याचा आजार आपल्याला लागेल ही भीती दक्षिणेलाही होती, आपल्यालाही.

त्या भीतीला २०१२ ने पुरावा दिला. ३० जुलैच्या पहाटे अडीचनंतर बीना–ग्वाल्हेर लाइन सुटली आणि उत्तरेचं ग्रिड कोसळलं. कसंबसं उभं केलं, तर ३१ तारखेला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही गेले. साठ कोटींहून अधिक माणसं अंधारात. रेल्वे जागच्या जागी, खाणीत मजूर अडकलेले. आपला पश्चिम विभाग तगला. उत्तरेकडे जाणारी वीज एकाएकी तुटल्यामुळे आपल्याकडे वारंवारता उसळली, पण सावरली गेली. दक्षिण तर दरवाजापलीकडे होती, तिला झळ जेमतेम लागली.

त्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री होते आमच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. २००६ पासून ते खातं त्यांच्याकडे होतं, आणि ३१ जुलैलाच त्यांना गृहखातं मिळालं. देशातला सगळ्यात मोठा अंधार आणि गावच्या माणसाची बढती, दोन्ही बातम्या आम्ही दुसऱ्या दिवशी एकाच पानावर वाचल्या. बाहेरच्यांना त्याचं हसू आलं. इथे हसणारे होते आणि पेढे वाटणारेही, काही घरांत दोन्ही.

इतकं झाल्यावर दक्षिण वेगळी आहे तेच बरं, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला वेडा म्हणता आलं नसतं. तरी दीड वर्षात जोडणी झाली. कारण तिकडे टंचाई होती, वीज बाजारात दक्षिणेचा दर वेगळा आणि चढा निघत होता, आणि इकडची वीज दरवाजातून पुरेशी मावत नव्हती.

दोन ग्रिड जोडायची क्रिया मी खालच्या व्होल्टेजवर केलेली आहे, म्हणून सांगतो. दोन्हीकडचं व्होल्टेज जुळवायचं, वारंवारता जवळ आणायची, मग सिंक्रोस्कोपकडे डोळे. त्याचा काटा फिरत असतो. तो भरभर फिरतोय तोवर हात मागे. अगदी सावकाश फिरू लागला आणि बाराच्या खुणेला टेकायच्या किंचित आधी आला, की ब्रेकर मारायचा. घाई झाली तर जनित्राचा शाफ्ट पिळवटू शकतो. आता हे सगळं रिले तपासतो आणि जुळल्याशिवाय ब्रेकर लागूच देत नाही. रायचूरच्या लाइनवर तर एका बाजूला सगळी दक्षिण आणि दुसऱ्या बाजूला उरलेला देश होता. पुढच्या वर्षी त्याच वाटेवर दुसरी लाइनही आली, आणि १६ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी सोलापुरात येऊन पहिली लाइन राष्ट्राला अर्पण केली. त्याच सभेत महामार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी होती. गावाला रस्ता लक्षात राहिला.

मग दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचं ६६० मेगावॉटच्या दोन संचांचं केंद्र आलं, पहिला संच २०१७ मध्ये, दुसरा २०१९ मध्ये. पाणी उजनीचं. त्यावर वेगळं लिहावं लागेल आणि ते इतकं शांतपणे लिहिता येणार नाही.

शेजाऱ्याच्या आजाराची भीती ही आमच्या पिढीची. तिच्या जागी दुसरी भीती कशी आली, ते आमच्या फोनवरून सांगतो.

मी लागलो तेव्हा उपकेंद्राचा फोन त्याच उच्चदाबाच्या तारेवरून बोलायचा. त्याला पीएलसीसी म्हणतात. तारेवर विजेबरोबर आवाजाची लहर सोडायची आणि टोकाला टांगलेल्या वेव्ह ट्रॅपने ती अडवून वेगळी काढायची. बाहेरच्या कुणाला त्यात तोंड घालायचं तर टॉवरवर चढून १३२ किलोव्होल्टच्या जवळ जावं लागलं असतं. राज्यभरच्या विजेचा तोल सांभाळणारं भार प्रेषण केंद्र कळव्याला. आम्ही नुसतं ‘कळवा’ म्हणायचो.

“कळवा, सोलापूरहून बोलतोय. बार्शी एक घेऊ का साहेब?”

“घ्या. वेळ सांगा.”

“चौदा बारा.”

मिळालेली सूचना उलट म्हणून दाखवायची, पलीकडच्याचं नाव विचारायचं, लॉगशीटवर वेळेपुढे दोन्ही नावं लिहायची. आवाज अनोळखी वाटला की जुने यंत्रचालक फोन ठेवून स्वतः उलट लावायचे, “कोण नवीन आलंय का तिकडे?” म्हणून. तेव्हा याला कुणी सुरक्षा म्हणत नव्हतं. काही जण त्याला खडूसपणा म्हणायचे.

पुढे आकडे टिपून पाठवणारे आरटीयू आले, ते गोळा करून लांबून यंत्रणा चालवणारा स्काडा आला. टॉवरच्या सर्वांत वरच्या अर्थवायरच्या पोटात फायबर आलं. जे आकडे आम्ही तासातासाला फोनवर वाचून दाखवायचो ते काही सेकंदांत आपोआप कळव्याला दिसू लागले. चांगलंच झालं, माझ्या आकडे वाचण्यात काही कला नव्हती. पण ज्या भाषेत ही यंत्रं एकमेकांशी बोलतात, त्यातली बरीच वापरात असलेली ‘१०४’ नावाची भाषा घडवताना पासवर्डची जागाच ठेवलेली नव्हती. गृहीत असं की या तारेवर आपलीच माणसं आहेत. ‘ब्रेकर उघड’ असं तिला सांगितलं की ती विचारत नाही, कोण बोलतंय?

त्याचा अर्थ २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये कळला. तीन वितरण कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर पडद्यासमोर बसलेले, आणि माऊसचा बाण आपोआप फिरून ब्रेकर उघडू लागला. त्यांना बाजूला सारून कुणीतरी लांबून उपकेंद्र चालवत होतं. तीसएक उपकेंद्रं बंद, सव्वादोन लाख ग्राहक अंधारात, आणि तक्रार करता येऊ नये म्हणून कंपनीच्या फोनवर खोट्या कॉलचा मारा. शिरकाव महिन्यांपूर्वी झालेला, ईमेलमधून आलेल्या एका फाइलवाटे. वर्षभराने कीव्हजवळ जे घडलं त्यात माणसाने बाण फिरवण्याचीही गरज नव्हती. तिथे घुसवलेला प्रोग्राम स्वतःच १०४ बोलत होता. पहिल्या हल्ल्यात काही तासांत वीज परत आली ती एका जुन्या गोष्टीमुळे. तिथली माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. त्यांना ते येत होतं.

आता घराजवळ या. सोलापूरहून गदगकडे रेल्वेने जाताना विजापूर मागे पडल्यावर, आलमट्टीच्या अलीकडे कुडगी लागतं. तिथे एनटीपीसीचं ८०० मेगावॉटच्या तीन संचांचं केंद्र आहे. २८ फेब्रुवारी २०२१ ला ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी कंपनीचा अहवाल बाहेर आला. चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीज यंत्रणेत शिरकाव केल्याचा त्यात दावा होता, आणि ज्यांच्याकडून संशयास्पद संपर्क दिसले त्यांच्या यादीत भार प्रेषण केंद्रं होती, मुंबईसह दोन बंदरं होती, आणि कुडगी होतं. पश्चिम आणि दक्षिण, दोन्ही विभागांची भार प्रेषण केंद्रं त्या यादीत. रायचूरच्या लाइनची दोन्ही टोकं ज्यांच्या नजरेखाली चालतात ती हीच. गलवानच्या चकमकीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

महाराष्ट्रात या अहवालाला लगेच मुंबईचा अंधार जोडला गेला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंद पडली होती, लोकल रुळांवर थांबल्या होत्या, आणि शहराला अशा वेळी वेगळं काढून जिवंत ठेवणारी अनेक दशकांची बेट-व्यवस्था त्या दिवशी टिकली नव्हती. १ मार्च २०२१ ला राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. चौदा ट्रोजन, आठ जीबी संशयास्पद डेटा असे आकडे आले. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी दुसऱ्याच दिवशी ते फेटाळलं, माणसाची चूक म्हणाले. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाचं म्हणणं, यंत्रणांना नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये इशारे मिळाले होते, संशयास्पद पत्ते अडवले गेले, कामकाजावर परिणाम झाला नाही.

मला विचाराल तर तो अंधार चिनी होता असं मी म्हणणार नाही. कळवा–पडघ्याची एक लाइन देखभालीसाठी बंद, तिचा भार दुसरीवर, आणि दुसरीने दगा दिला. अशा साखळीला हॅकर लागत नाही. आम्ही आयुष्यभर अशाच साखळ्यांना घाबरत जगलो. अहवाल लिहिणाऱ्या कंपनीनेही मुंबईशी संबंध सिद्ध झाल्याचं म्हटलेलं नाही. पण मुंबईच्या वादात कुडगी झाकलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. तिथे काही बंद पडलं नाही, म्हणून बातमी झाली नाही. शिरून गप्प बसणारा माणूस आणि शिरून काच फोडणारा माणूस यांतला जास्त काळजीचा कोण, हे कुठल्याही रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा.

सरकार हललं, हेही सांगितलं पाहिजे. जुलै २०२० मध्येच बाहेरून येणारी वीजसामग्री तपासून घेण्याचा आदेश निघाला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली: नियंत्रणाचं जाळं इंटरनेटपासून तोडा, प्रत्येक कंपनीत जबाबदार अधिकारी नेमा, सामग्री विश्वासू ठिकाणाहून घ्या. उत्तम आहेत. तोडायला सांगितलेली तार कुणी कधी सोयीसाठी परत जोडली, हे कागदावरून कळत नाही, एवढीच अडचण. आणि आता तर दारोदारी स्मार्ट मीटर येतायत. लोक बिलाच्या भीतीने विरोध करतात. मीटरच्या पोटात लांबून वीज तोडण्याचं बटण आहे, आणि ते बटण लाखो घरांत एकाच वेळी दाबता येऊ शकतं, याबद्दल मोर्चात कुणी बोलताना मी ऐकलं नाही.

आमच्या गल्लीतली एक मुलगी सहायक अभियंता झाली. सगळं ग्रिड काळोखात गेलं तर ते पुन्हा कसं उभं करायचं, याची तालीम ग्रिड संहितेप्रमाणे ठराविक मुदतीने घ्यावी लागते. तिची पहिलीच तालीम होती, म्हणून ती विचारायला घरी आली. कागद चोख होते. मी म्हटलं, मॅडम, स्काडाचा पडदा खोटं बोलतोय असं समजा. पलीकडच्या उपकेंद्राशी बोलणार कशावरून? ती म्हणाली, मोबाइल. सगळीकडे वीज नाही, मग टॉवरची बॅटरी किती तास? ती जरा थांबली. मी म्हटलं, पीएलसीसीचा जुना संच अजून चालतोय का ते बघून या.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. “काका, संच चालू आहे. पण हँडसेट कुणीतरी स्टोअरला जमा केलाय.”

“मग इंडेंट टाका,” मी म्हटलं, “आणि येईपर्यंत स्टोअरवाल्याचा नंबर वहीत लिहून ठेवा. मोबाइलमध्ये नको.”